दिल्लीतला आपला माणूस

आमच्या मामाचं बेळगावच्या शहापुरात टेलरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दहा बाय बाराची खोली, दोन मशिनं, कटिंगचं एक टेबल आणि बाहेर कट्टा. कपडे शिवून घेणारे आता फार राहिले नाहीत, सगळे रेडिमेड घेतात आणि मामाकडं फक्त पँटची उंची कमी करायला येतात, पण कट्ट्यावर बसणारे काय कमी झालेले नाहीत. संध्याकाळी सहानंतर चार-सहा जण हमखास, आणि विषय एकच, दिल्लीतले मंत्री. बायको विचारते रोज काय असतं तिथं एवढं, तिला काय सांगणार.

तर ९ जून २०२४ ची गोष्ट. रविवार, म्हणजे दुकान बंद, पण टीव्ही दुकानात म्हणून शटर अर्धं वर. सव्वासातला राष्ट्रपती भवनात शपथविधी आणि आठला न्यूयॉर्कमध्ये भारत-पाकिस्तान मॅच, आता बोला. मामाचा पोरगा रिमोट मांडीखाली घेऊन बसलेला आणि मामा त्याला सांगालाय, "शपथ संपायच्या आधी चॅनल बदललास तर बघ."

कारण पैज लागलेली. मामाचं म्हणणं जगदीश शेट्टर मंत्री होणार म्हणजे होणारच, माजी मुख्यमंत्री माणूस, बेळगावातनं पावणेदोन लाखाच्यावर लीड घेऊन आलाय, ह्यांना नाही तर कुणाला देणार. मी म्हटलं मामा, धारवाडचे प्रल्हाद जोशी आहेत, युती आहे म्हणजे कुमारस्वामींना द्यावंच लागणार, निर्मला सीतारामन राज्यसभेवर कर्नाटकातनंच, यादी तिथंच भरली की. दोन प्लेट मिसळ आणि वर चहा अशी पैज.

एकेक करून शपथ घ्यायला लागले. सीतारामन, कुमारस्वामी, जोशी, मग खाली शोभा करंदलाजे, तुमकूरचे सोमण्णा. झालं, कर्नाटक संपलं. शेट्टर नाहीत. मामा शेवटच्या राज्यमंत्र्यापर्यंत बसला, मॅच सुरू झाली तरी बसला, पोरगा रडकुंडीला आला. एकूण बहात्तर जण पंतप्रधानांसकट. मामानं बोटं मोडली आणि म्हणाला, "अजून जागा आहेत."

जागा होत्या, हे खरं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं लोकसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री करता येत नाहीत, ५४३ चे पंधरा टक्के म्हणजे ८१. म्हणजे नऊ शिल्लक. मामा त्या नवावर आजपर्यंत जगालाय.

(मॅच आम्ही जिंकली, सहा रन्सनी, आणि ११९ वर ऑलआऊट होऊन जिंकली. पोराला मात्र सुरुवात बघायला मिळाली नाही म्हणून दोन दिवस बोलला नाही.)

मामाची मंत्र्यांची एक प्रतवारी आहे, ती सांगतो. कॅबिनेट म्हणजे फुल्ल चहा. स्वतंत्र कार्यभार म्हणजे फुल्लच, पण बशीशिवाय. आणि राज्यमंत्री म्हणजे हाफ. हाफ पिणाऱ्यानं कपाकडं बघत बसायचं नाही, आलेला प्यायचा आणि फायलीवर वरच्यानं सही केली काय ते विचारत फिरायचं. त्याच दिवशी अजित पवारांच्या राष्ट्रवादीला स्वतंत्र कार्यभार देऊ केला आणि त्यांनी नको म्हटलं, कारण प्रफुल्ल पटेल आधी कॅबिनेटमंत्री होऊन गेलेले, आता खालचं कसं घ्यायचं. टीव्हीवाले तासभर तेच चघळत होते. मामा म्हणाला बरोबर आहे की, फुल्ल पिऊन गेलेल्याला बशी काढून घेऊन देताय काय.

आता खरी गोष्ट सांगतो, आम्ही महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातले लोक शपथविधी बघताना जे करतो ते बाकी कोण करत नसेल. आम्ही दोन याद्या करतो. एक महाराष्ट्राची आणि एक कर्नाटकाची. मत आम्ही कर्नाटकात देणार म्हणून इथला मंत्री आपला, आणि मन तिकडं म्हणून तिथला मंत्री पण आपला. गडकरी आले, आपले. मोहोळ आले, आपले. जोशी आले, ते पण जवळचेच म्हणजे आपले. लग्नाच्या दोन्ही बाजूंकडनं आवतण आलेल्या माणसासारखं, आणि पंगतीत बसायला गेलं की दोन्हीकडचे म्हणणार, तुमचं पान त्या बाजूला असेल बघा.

ही सवय मला आज्जाकडनं लागली. आज्जा खानापूरकडचा, शेती, पण पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. मंत्रिमंडळ झालं की दुसऱ्या दिवशी तरुण भारत उघडायचा, सगळी नावं मोठ्यानं वाचायचा आणि मराठी नाव आलं की थांबायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "सोडंल काय ह्यो?"

लहानपणी मला वाटायचं हा कुठली गाडी सोडायची म्हणालाय. नंतर कळलं. खुर्ची. वेळ आली तर खुर्ची सोडेल काय. आणि ह्या प्रश्नाच्या मागं एकच माणूस होता, चिंतामणराव देशमुख.

सी. डी. देशमुख म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री, ५२ ला कुलाब्यातनं लोकसभेवर. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना चालू असताना मुंबई केंद्रशासित करायचं ठरलं आणि ह्या माणसानं अर्थमंत्रीपद सोडलं. आज्जा हे सांगताना दरवेळी नवीन सांगितल्यासारखं सांगायचा. आमच्या घरात देशमुखांचं नाव म्हणजे घरातल्याच कुणाचं तरी असल्यासारखं होतं.

मोठा झाल्यावर मी वाचायला लागलो आणि आज्जाशी भांडलो. म्हटलं आज्जा, तो राजीनामा मुंबईसाठी होता, बेळगावचं त्यात काय नव्हतं. आज्जा विड्याचं पान पुसत म्हणाला, "सोडला न्हवं? मग झालं तर." ह्याच्यावर काय बोलणार.

पण त्या राजीनाम्यातली जी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते ती आज्जा कधी सांगायचा नाही, कदाचित त्याला माहीत नसेल. देशमुखांनी लोकसभेत जे सांगितलं त्यात मुंबईच्या रागाइतकीच मोठी तक्रार ही होती की असला निर्णय मंत्रिमंडळापुढं आलाच नाही, पंतप्रधानांनी परस्पर जाहीर केला. नेहरूंनी ते खोडून काढलं. कोण किती बरोबर ह्यावर अजून वाद घालता येतो, पण मुद्दा बघा, देशाचा अर्थमंत्री सभागृहात उभा राहून म्हणालाय की आम्हाला विचारलंच नाही.

आणि हे पुढं परत झालं, जास्त मोठ्या प्रमाणात झालं. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीवर राष्ट्रपतींची सही झाली आणि कॅबिनेटमंत्र्यांना कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, बैठकीला बोलावून. म्हणजे रात्री देश बदलला आणि मंत्री झोपलेले. म्हणून तर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीत घातलं की कॅबिनेटनं लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. गंमत म्हणजे तोपर्यंत आपल्या घटनेत 'कॅबिनेट' हा शब्दच नव्हता, सगळीकडं आपलं मंत्रिपरिषद. तीस वर्षं कॅबिनेट कॅबिनेट म्हणून नाचलो आणि शब्द घटनेत आला तो ह्या प्रकरणामुळं.

असो. देशमुखांनी सोडलं त्याचा बेळगावला उपयोग काय, तर काहीच नाही. मुंबई शेवटी केंद्रशासित झाली नाही, द्वैभाषिक राज्य झालं, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा वगळून. माझी आत्या चंदगडात दिलेली. एसटीनं तासा-दीड तासाचा रस्ता. तिच्या रेशनकार्डावर मराठी, आमच्या रेशनकार्डावर कन्नड, आणि दोघांच्या घरात एकच सासुरवाशिणीची गाणी. दरवर्षी १ नोव्हेंबरला इकडं मराठी लोकांचा काळा दिवस आणि कन्नड लोकांचा राज्योत्सव एकाच वेळी एकाच शहरात, ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल.

आता आज्जाच्या प्रश्नाची दुसरी बाजू. यशवंतराव चव्हाण.

चीनच्या युद्धात १९६२ ला कृष्ण मेनन ह्यांना संरक्षणमंत्रीपद सोडावं लागलं आणि चव्हाण दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आमच्याकडं शेंबड्या पोराला पण पाठ. मग ६६ च्या नोव्हेंबरात ते गृहमंत्री झाले. त्याच्या आदल्याच महिन्यात सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमलेला, सेनापती बापटांच्या उपोषणानंतर. आणि ६७ च्या ऑगस्टमध्ये आयोगाचा रिपोर्ट आला तेव्हा दिल्लीत गृहमंत्री कोण, तर आपले चव्हाण. कराडचे. ह्याच्यापेक्षा जास्त आपला माणूस ह्याच्यापेक्षा जास्त मोक्याच्या खुर्चीवर परत कधी बसला नाही आणि बसेल असं वाटत पण नाही.

रिपोर्टात काय, तर बेळगाव म्हैसूरकडंच राहणार. २६४ गावं महाराष्ट्राला, त्यात निपाणी, खानापूर, नंदगड, आणि २४७ गावं म्हैसूरला. महाराष्ट्रानं नाकारला. म्हणजे बघा, ऐकला असता तर आज्जाचा खानापूर तालुक्याचा पट्टा गेला असता आणि मामाचं दुकान इकडं राहिलं असतं, घराच्या मधोमध रेघ. आयोग मागणारे आपण, नाकारणारे आपण, हे इकडं मोठ्यानं बोललेलं आवडत नाही, पण तसंच झालं. रिपोर्ट तसाच पडून राहिला.

आज्जा चव्हाणांबद्दल वाईट कधी बोलला नाही. फक्त गप्प बसायचा, आणि तो गप्प बसायचा म्हणजे किती राग असेल ते आम्हाला कळायचं. मी मात्र आता थोडं वेगळं म्हणतो. घटनेचं कलम ७५ बघा, मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार. म्हणजे आत काय भांडायचं ते भांडा, बाहेर आलात की एक तोंड. गृहमंत्री झाला की तो म्हैसूरचा पण गृहमंत्री. तिथं बसून तो बेळगावचं बोलला तर उद्या दुसरा उठून केरळातल्या कासरगोडचं बोलणार, तिसरा पंजाबातल्या अबोहरचं. आपला माणूस आत गेला की पहिली गोष्ट जी जाते ती त्याचं तोंड. शपथ घेतो ती गोपनीयतेची पण असते की. बोलायचं असेल तर बाहेर यायला लागतं, आंबेडकर १९५१ ला हिंदू कोड बिलावरनं आले तसं, श्यामाप्रसाद मुखर्जी त्याच्या आदल्या वर्षी नेहरू-लियाकत करारावरनं आले तसं.

हे मी एकदा कट्ट्यावर बोललो तर आमच्यातले हुक्केरीचे एक रिटायर कन्नड मास्तर आहेत, ते हसले. त्यांची भाषा म्हणजे अर्धी इकडची अर्धी तिकडची. "येनरी, तुमचं तरी बरं, तुम्हाला वाटतंय तुमचा माणूस मुंबईचा झाला. आमचा माणूस निवडून गेला की बेंगळूरचा होतोय. परत हुक्केरीला येतोय तो पाच वर्षांनी, हात जोडून." आणि ते खरं आहे. उत्तर कर्नाटकाच्या लोकांची आणि आमची तक्रार बऱ्याच वेळा एकच असते, फक्त झेंडे वेगळे.

२०१० चं तर विसरताच येत नाही. महाराष्ट्रानं २००४ ला सुप्रीम कोर्टात दावा घातलेला, त्यात केंद्र सरकारनं जुलै २०१० ला प्रतिज्ञापत्र दिलं, अर्थ एवढाच की बेळगाव कर्नाटकात गेलं त्यात काही चुकलेलं नाही, भाषा हा एकच निकष नसतो. आता त्यावेळचं मंत्रिमंडळ आठवा. कृषिमंत्री शरद पवार. ऊर्जामंत्री सुशीलकुमार शिंदे. अवजड उद्योग विलासराव देशमुख. पेट्रोलियम मुरली देवरा. पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण, ते पण कराडचेच. एवढं भरलेलं ताट. आणि त्या सरकारच्या नावानं कागद गेला. इकडं बोंबाबोंब झाली, मुंबईत विधिमंडळात आरडाओरडा झाला. एकानं तरी खुर्ची सोडली काय? आज्जा तेव्हा हयात होता, ऐकायला कमी यायचं, मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं प्रश्न विचारला नाही ह्यावेळी.

राजीनामे दिले जातात, नाही असं नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात शिवसेनेचे अनिल देसाई शपथ घ्यायला दिल्ली विमानतळापर्यंत गेले आणि तिथनंच परत फिरले, आणि त्याच दिवशी सुरेश प्रभू भाजपमध्ये जाऊन रेल्वेमंत्री झाले. २०१९ ला अरविंद सावंतांनी अवजड उद्योग सोडलं. दोन्ही वेळा भांडण मुंबईतल्या सत्तेच्या वाटणीचं. काळ्या दिवसाला काळी फीत लावून फोटो काढणं वेगळं.

आता निपाणीकडं येतो, मामीचं माहेर निपाणीचं म्हणून हा भाग तिच्याकडनं ऐकलेला. निपाणी चिकोडी लोकसभेत, आणि चिकोडीत जवळजवळ तीस वर्षं एकच खासदार, बी. शंकरानंद. १९६७ पासून सात वेळा. ह्या माणसाची कहाणी खरं म्हणजे कुणीतरी नीट लिहायला पाहिजे. इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात ८० नंतर आरोग्यमंत्री. आणि मतदारसंघात काय पिकतंय, तर तंबाखू. अख्खी निपाणी तंबाखूच्या वासावर उभी, मामी सांगते लहानपणी घरोघर बायका विड्या वळायला बसायच्या, पोरी शाळेतनं आल्या की सूप मांडीवर. १९८१ ला शरद जोशींचं तंबाखूचं आंदोलन झालं, रस्त्यावर हजारो शेतकरी, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि दिल्लीत देशाच्या आरोग्याचं खातं चिकोडीच्या खासदाराकडं. हा योगायोगच, पण असला योगायोग आमच्या भागालाच मिळतो.

पुढं ८७ ला बोफोर्स तोफांच्या दलाली प्रकरणाची संयुक्त संसदीय समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच शंकरानंद. विरोधकांनी बहिष्कार टाकलेला, समितीत काँग्रेस आणि मित्रपक्षच, आणि रिपोर्ट आला की मध्यस्थ नव्हता, दलाली नव्हती. देशभर त्याची चेष्टा झाली. मग नरसिंह रावांच्या मंत्रिमंडळात पेट्रोलियम आलं, आणि हर्षद मेहताचं शेअर प्रकरण फुटलं. त्याच्यावर परत संयुक्त समिती, ह्यावेळी चौकशी करणारे दुसरे, आणि पेट्रोलियम खात्याखालच्या तेल उद्योग विकास मंडळाचे पैसे कुठं गुंतवले ह्यावरनं बोट आलं शंकरानंदांकडं. ९४ च्या डिसेंबरात त्यांना मंत्रिमंडळाबाहेर जावं लागलं, रामेश्वर ठाकूर आणि कल्पनाथ राय पण त्याच सुमारास गेले. एका समितीचे अध्यक्ष होऊन सरकारला वाचवलेला माणूस, दुसऱ्या समितीच्या रिपोर्टामुळं गेला. ९६ ला रत्नमाला सवणूर ह्यांनी त्यांना चिकोडीत पाडलं, आणि त्या पण पहिल्याच टर्मला केंद्रात नियोजन खात्याच्या राज्यमंत्री झाल्या. मामीला एवढंच आठवतंय की बाई निवडून आली म्हणून निपाणीत बायकांनी साखर वाटली.

बेळगावातनं बाबागौडा पाटील पण होऊन गेले, शेतकरी संघटनेतले, ९८ ला वाजपेयींच्या सरकारात ग्रामीण विकास राज्यमंत्री. पण ते सरकारच एका मतानं पडलं, त्यामुळं कट्ट्यावर त्यांचं नाव आलं की सगळे "होते बघा" म्हणतात आणि पुढं जातात.

सुरेश अंगडींचं नाव आलं की मात्र कोण पुढं जात नाही.

मी खरं सांगतो, मी त्यांना मत कधीच दिलेलं नाही. घर महाराष्ट्र एकीकरण समितीचं, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्यांचं, तिथं शिक्का दुसरीकडं मारला तर जेवण मिळणार नाही. पण २०१९ ला ते रेल्वे राज्यमंत्री झाले आणि पहिल्यांदा कळलं की हाफ चहा पण गरम असू शकतो. बेंगळूरला जाणारी रात्रीची सुपरफास्ट सुरू झाली, आमची अर्धी पोरं तिकडं कंपनीत, रविवारी रात्री स्टेशनवर जाऊन बघा, अख्खं टिळकवाडी डब्याच्या पिशव्या घेऊन उभं असतं. पूर्वी ट्रॅव्हल्सवाल्यांनी दिवाळीला काय रेट लावलेत ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. मास्तर तर म्हणतात गाडीला भाषा नसते, चढला की सगळे वेटिंगलिस्टचेच.

आणि कित्तूर मार्गे धारवाडची नवीन लाईन. आता बेळगावातनं धारवाडला रेल्वेनं जायचं तर खानापूर, लोंडा, अळणावर असा वळसा. नवीन लाईन सरळ, ७३ किलोमीटर. अंगडींनी ती लावून धरली, मंजूर करून आणली. पण तिथं पण बघा, लाईन जाणार देसूर, नंदिहळ्ळी, गर्लगुंजी भागातनं, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला की पिकाऊ जमीन जाते, पडीक जमिनीतनं वळवा. त्यातले बरेच मराठी, आमचे पाव्हणे. एका पाव्हण्याची दोन एकर जात होती, तो मला म्हणाला, "तुला पुण्या-बेंगळूरला जायचं असतंय म्हणून माझा भात काय म्हणून जावा?" मला उत्तर देता आलं नाही. आपल्या भागाचा मंत्री झाला म्हणजे काहीतरी येतं, आणि येतं ते कुणाच्या तरी बांधावरनंच येतं.

२३ सप्टेंबर २०२० ला अंगडी दिल्लीत एम्समध्ये गेले, कोरोनानं. कोरोनानं गेलेले ते पहिले केंद्रीय मंत्री. बेळगावला आणता आलं नाही, नियमच तसे होते, दिल्लीतच द्वारकेला दफन झालं. त्या दिवशी मामानं दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. समितीचा माणूस, १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला न चुकता जाणारा, त्यानं शटर ओढलं आणि कुणाला काही बोलला नाही. आणि पुढच्या वर्षी पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी मंगला अंगडी उभ्या राहिल्या तेव्हा ह्याच मामानं समितीच्या पोराचा प्रचार केला, त्याला लाखावर मतं पडली आणि त्यामुळं त्या पाच हजारांच्या आसपास फरकानं कशाबशा निवडून आल्या. दोन्ही गोष्टी मामानंच केल्या. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला गेलं की तो म्हणतो तुमचं नक्की काय आहे. आता नक्की काय आहे ते आम्हालाच सत्तर वर्षं कळालेलं नाही.

२०२२ च्या डिसेंबरात परत गरम झालं. महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावला येणार येणार म्हणून रद्द झाले, गाड्यांवर दगडफेक, मग १४ डिसेंबरला अमित शहांनी बोम्मई आणि एकनाथ शिंदे ह्या त्यावेळच्या दोन मुख्यमंत्र्यांना दिल्लीत समोरासमोर बसवलं आणि ठरलं काय, तर दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री मिळून सहा जणांची समिती. मास्तर म्हणाले, "सहा मंत्री म्हणजे सहा चहा." फुल्ल की हाफ ते कुणी विचारलं नाही. दावा आहे तिथंच आहे.

आणि २०२५ च्या गणपतीत कट्ट्यावर नवीन विषय. त्याच ऑगस्टमध्ये १३० व्या घटनादुरुस्तीचं बिल आणलेलं, पंतप्रधान असो मुख्यमंत्री असो मंत्री असो, पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग तीस दिवस आत राहिला की एकतिसाव्या दिवशी पद गेलं. ते पण गेलं संयुक्त संसदीय समितीकडं, आणि तृणमूल, सपा, आप ह्यांनी आम्ही समितीत येणार नाही म्हणून सांगितलं. मामीनं आतनं विचारलं, "शंकरानंदांसारखंच काय?" आम्ही सगळे बघतच राहिलो, मामी ऐकत असते हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मामा बिलाच्या बाजूनं. जेलातनं सरकार चालवायचं म्हणजे काय पोरखेळ आहे काय, म्हणाला. मी म्हटलं मामा, तीस दिवस आत म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, अजून खटला पण उभा राहिलेला नसतो. ए. राजा बघा, दूरसंचारमंत्री, २०१० ला टूजी स्पेक्ट्रम प्रकरणावरनं राजीनामा, कॅगनं एक लाख शहात्तर हजार कोटींचा आकडा दिलेला, वर्षाच्यावर जेल, आणि २०१७ ला खालच्या कोर्टानं निर्दोष सोडलं. आणि आतच घालायचं झालं तर कोण कुणाला घालणार हे पोलीस कुणाच्या हातात त्याच्यावर. नारायण राणे केंद्रीय मंत्री असताना २०२१ ला महाराष्ट्र पोलिसांनी जेवणाच्या ताटावरनं उचलले की, त्याच रात्री जामीन पण झाला. उलट लखीमपूरला शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या प्रकरणात पोरगा आरोपी, बाप गृहराज्यमंत्री, तो २०२४ पर्यंत मंत्रीच होता, त्याला तीस दिवसांचा काय नियम लागणार, तो स्वतः आत गेलाच नाही.

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "शास्त्रींना कुठल्या कायद्यानं काढलं होतं हो?"

१९५६. अरियालूरला रेल्वे अपघात झाला आणि लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रीपद सोडलं. देशमुखांनी सोडलं तेच वर्ष. आज्जा असता तर म्हणाला असता, त्या वर्षी सोडायची साथच आलेली दिसते.

मग कट्ट्यावर थोडा वेळ कोण काय बोललं नाही, बाहेरनं मंडळाचा ढोल चाललेला, मामानं कुणाच्या तरी पँटचा शिवणीचा दोरा दातानं तोडला. मी म्हटलं मामा, वर्ष होऊन गेलं, दोन प्लेट मिसळ बाकी आहे तुमच्याकडं, वर चहा.

मामा मान वर न करता म्हणाला, "विस्तार होऊ दे की. नऊ जागा आहेत अजून."